मुकी झालेली गाडी

गाडी एका रात्रीत बदलली, आणि ती बदलली हे मला गाडीनेच सांगितलं. सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन दार उघडलं तर समोरच्या पडद्यावर निळ्या पट्टीत अभिनंदन. अपडेट पूर्ण झालं आहे, नव्या अनुभवाचा आनंद घ्या. मी काही मागितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी लावून गेलो तीच गाडी होती, दारावरचा बारीक ओरखडाही तोच. पण आत बसलो तर सीट पुढे सरकलेली, आरसे भलत्याच कोनात, आणि एसी कमी करायची खूण जिथे असायची तिथे गाण्यांचं चित्र. एसी शोधता शोधता मी लालागुड्यापर्यंत कुडकुडत गेलो आणि शेवटी काच खाली केली.

ही गाडी मी घेतलेली नाही. माझे वडील नांदेडकडच्या एका खेड्यातून इथे हैदराबादला आले आणि रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले. त्याच कारखान्यात पुढे मी इंजिनिअर झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. प्रवासी डबे दुरुस्त करण्यात जन्म गेला. मुलगी गच्चीबौलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझा निरोपसमारंभ झाला त्या आठवड्यात ती तारनाक्याच्या घरी आली आणि माझ्या हातावर चावी ठेवून म्हणाली, बाबा, जन्मभर साहेबांच्या जीपमागे स्कूटर चालवलीत. गाडी एवढी मोठी की पहिल्यांदा आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीत नेली तेव्हा वळायला जागा मिळेना. सगळी मंडळी बाहेर आली आणि डावीकडे, उजवीकडे, हळू, असं मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत एकाच वेळी सांगू लागली. मला लाजही वाटली आणि आतून बरंही वाटलं.

यंत्राची मला भीती नाही. गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, समजलं नाही ते पुन्हा वाचलं, आणि काही दिवसांत गाडी हाताखाली आली. तिच्यात मला सर्वांत काय आवडायचं, तर मागे घेतानाचा तिचा आवाज. स्टीलच्या घागरीवर बोटाने टिचकी मारावी तसा. टंग, टंग. भिंत जवळ येऊ लागली की टिचक्या जवळजवळ पडत, आणि अगदी टेकायला आली की एकच लांब सूर. आमच्या पार्किंगमधल्या दोन खांबांच्या मध्ये मी त्या टिचक्यांच्या भरवशावर गाडी अलगद बसवायचो.

अपडेटनंतर तो आवाज गेला. पहिल्या दिवशी वाटलं, एसीसारखाच कुठेतरी आत ढकलला असेल. पडद्यावरच्या याद्या उघडून पाहिल्या. आवाज चालू आहे, असं गाडी म्हणत होती. मी मागे घेऊन पाहिली. काही नाही. पडद्यावर खांबाभोवती लाल रेघा उमटल्या, पण गाडी गप्प. हे नवीन फॅशनचं काहीतरी असणार, गाडी आता फक्त दाखवते, बोलत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग कोठीचा तो प्रसंग झाला. बायकोला सुलतान बाजारात कापड बघायचं होतं. खरेदी उरकून आम्ही कोठीच्या पार्किंगमध्ये परत आलो. मी गाडी मागे घेऊ लागलो आणि गाडीने एकाएकी स्वतःच असा ब्रेक मारला की बायकोच्या मांडीवरच्या पिशव्या खाली पडल्या आणि तिचा खांदा दाराला आपटला. मागे एक म्हातारे गृहस्थ पेरूच्या गाड्याला टेकून उभे होते. ते जागचे हललेही नव्हते.

बायकोने खांदा चोळत माझ्याकडे पाहिलं. "अहो, गाडी एवढी ओरडत होती. थांबला का नाहीत?"

"कुठे ओरडत होती? अपडेटपासून मुकी झालीय ती."

"मुकी?" ती म्हणाली. मग खाली वाकून पिशव्या गोळा करू लागली.

मला वाटलं ती चेष्टा करतेय. तिला वाटलं मी चूक झाकतोय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर भांडणं अशीच होतात. आरडाओरडा होत नाही, फक्त चहाचा कप टेबलावर जरा जोरात ठेवला जातो. मी तिला दोनदा खाली नेऊन गाडी मागे घेऊन दाखवली. दोन्ही वेळा ती म्हणाली, हे काय वाजतंय की. दोन्ही वेळा मी कान देऊन ऐकलं. बाहेरचा पाण्याचा पंप ऐकू आला, वॉचमनचा रेडिओ ऐकू आला. गाडी गप्प होती. एका बंद डब्यासारख्या जागेत दोन माणसं शेजारी बसलेली, आणि एकाला आवाज येतो, दुसऱ्याला येत नाही. हे कसं शक्य आहे ते मला कळेना. मी इंजिनिअर माणूस. पहिला संशय यंत्रावर घ्यायचा हे मला शिकवलेलं. तिच्या बाजूचा स्पीकर चालू असेल आणि माझ्या बाजूचा बंद पडला असेल, असं म्हणून मी जागा बदलून तिच्या सीटवर बसलो. तिथेही काही नाही.

सर्व्हिस सेंटरला गाडी घेऊन गेलो. टायवाला तरुण सल्लागार अदबीने बोलला. त्याने मला शेजारी बसवलं, मागे प्लास्टिकचा शंकू ठेवला आणि गाडी त्याच्याकडे नेली.

"बज रा ना, सर," तो म्हणाला.

"आत्ता?"

"हौ सर, अभी बज रा."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गिऱ्हाईकाला वाटेला लावायचं ठरवलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखतो, कारखान्यात कंत्राटदारांचे पाहिले होते. हा चेहरा मला तसाच वाटला. दोष आढळला नाही, असा कागद हातात देऊन त्याने मला बाहेरपर्यंत सोडलं, आणि वर कॉफी पाजली. मी मुलीला फोन करून सांगितलं की हे लोक तोंडावर खोटं बोलतात. मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

मी सांगितला. बरोबर सांगितला. पण फोन ठेवल्यावर तिने तो प्रश्न का विचारला ते हळूहळू डोक्यात शिरू लागलं.

कारण मधल्या काळात घरात आणखी काही घडलं होतं. बायकोने उशांसाठी कापूस आणायला सांगितला होता आणि मी कापराच्या पुड्या घेऊन आलो होतो. आम्ही विहारात जाणारे, आमच्या घरी कापराचं काय काम? तिने त्या बराच वेळ हातात धरल्या आणि कपड्यांच्या कपाटात ठेवून दिल्या. एकदा तिने सातला या म्हटलं असताना मी आठला गेलो. नातीने फोनवर काही विचारलं आणि मी दुसरंच उत्तर दिलं, तर ती हसत सुटली. हे सगळं मायलेकींनी आपापसात जुळवून पाहिलं होतं. मला ते नंतर कळलं. पण त्या दिवसांत मीही एकटाच जुळवून पाहत होतो. आमच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त प्राध्यापक हल्ली स्वतःच्या मजल्याचं बटण विसरतात. त्यांची सुरुवातही अशीच काहीतरी झाली असणार, असं वाटायचं. गाडी मुकी झालीय की माझं डोकं कामातून चाललंय, यातलं काय खरं असावं अशी इच्छा करावी हे उघड होतं. म्हणून मी गाडीच्याच मागे लागलो.

मुलीने मला त्या गाडीच्या मालकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये कधीच घालून ठेवलं होतं. मी तो उघडत नसे. आता सकाळ-संध्याकाळ तोच वाचू लागलो. वाचून माझा गोंधळ कमी व्हायचा तो वाढला. एकाच अपडेटबद्दल एकाच गाडीचे मालक बोलतायत यावर विश्वास बसेना. एकजण म्हणे गाडी लोण्यासारखी पळायला लागली, दुसरा म्हणे गिअर आता विचार करून पडतो. एकाला नवा पडदा फार सुंदर वाटे, दुसऱ्याला त्यात एसी सापडत नसे, आणि त्या भल्या माणसाला मी ताबडतोब शाबासकीचा अंगठा पाठवला. रस्त्यावरची पट्टी ओलांडू लागलं की स्टिअरिंग गाडीला आपोआप परत आत ढकलतं, याला कोणी सुरक्षा म्हणे, कोणी जबरदस्ती. प्रत्येक वादात कोणीतरी येऊन सांगे की याच तोडीच्या दुसऱ्या दोन कंपन्यांच्या गाड्यांत असले चाळे नाहीत, आणि मग त्या गाड्यांवर भांडण सुरू होई. मी ते बायकोला वाचून दाखवी. तिने त्या दोन्ही गाड्यांना नावंही ठेवली होती. एकीची पुढची जाळी अवाढव्य म्हणून ती नाकवाली. दुसरी चौकोनी, सरळ उभी, ती डबा.

आवाजाबद्दलही बरंच लिहिलेलं होतं. गाडी आता सारखी किंचाळते, बालवाडीत बसल्यासारखं वाटतं, असं कितीतरी जणांचं म्हणणं. मुकी झाली असं कोणीच लिहिलेलं नव्हतं. शेवटी एकाचा मजकूर सापडला, अपडेटनंतर माझी गाडी एकदम शांत झाली. मला केवढा आनंद झाला. मी त्याला लगेच लिहिलं की माझंही तसंच झालंय. त्याचं उत्तर आलं, तो इंजिनाबद्दल बोलत होता.

असंच काही दिवस गेले. मग ग्रुपवर निरोप आला की रविवारी सकाळी गंडीपेटच्या बाजूला एका हॉटेलच्या मैदानात मालकांनी जमायचं आहे. नाकवाली आणि डबा असलेले काही मित्रही येणार होते, ज्याला वाटेल त्याने एकमेकांची गाडी चालवून पाहावी. मी बायकोला चल म्हटलं. ती म्हणाली, मला नक्को, तुम्हीच जा आणि एकदाचं काय ते ठरवून या.

मी गेलो. उपमा, इडली, फिल्टर कॉफी, आणि ओळीने उभ्या चकचकीत गाड्या. मी सगळ्यांत वयाने मोठा. एक बिल्डर होते, भरघोस मिशा, तेलुगू माणूस, पण बोलणं अस्सल हैदराबादी. एक त्वचेच्या डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, डोळ्यांवर मोठा चष्मा. त्यांची गाडी आमचीच, रंग वेगळा. बाकी तरुण मंडळी. कोणालाही काही विचारा, प्रत्येकाचं मत ठाम. उंच मुलगा म्हणायचा आमच्या गाडीत डोकं लागत नाही म्हणून ती श्रेष्ठ. पाठीचं दुखणं असलेला म्हणायचा नाकवालीची सीट म्हणजे औषध. बिल्डर म्हणायचे की डब्याशिवाय साइटवर जाण्यात अर्थ नाही, पण स्वतः आमचीच गाडी घेऊन आले होते. मी पेल्यातली कॉफी थंड होईपर्यंत ऐकत राहिलो. गाडीबद्दल ऐकतोय की या लोकांच्या पाठी-पोटाबद्दल, तेच कळेना.

मग मी डबा चालवायला घेतला. मैदानाच्या कडेला नेऊन झाडाकडे मागे घेतला, आणि आवाज आला. डुक्, डुक्, डुक्. जाड, ठसठशीत, दारावर मुठीने ठोकावं तसा. मला खरंच भरून आलं. कितीतरी दिवसांनी एखादी गाडी माझ्याशी बोलली होती. तिथूनच मी मुलीला फोन लावला आणि म्हणालो, निर्णय झाला, डबा घ्यायचा, ही गाडी निदान सांगते तरी. तीही खूश झाली. कोठीच्या प्रसंगापासून तिला माझ्या हातात ती गाडी नकोच होती. बदल्यात घेतील का ते आजच विचारते म्हणाली.

मी परत टेबलाशी आलो आणि मोठ्या उत्साहाने सगळ्यांना सांगितलं की आपल्या गाडीपेक्षा डबा शंभर पटीने बरा, कारण अपडेटनंतर आपली गाडी मुकी झाली आहे.

बिल्डर मिशीतून हसले. "अंकल, मुकी कायकी? मेरी सास से जास्ती बाताँ करती ये."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी त्यांना सर्व्हिस सेंटरची सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता माझा आवाज चढला असावा, कारण हसणं थांबलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, माझी गाडी तीच आहे, अपडेटही तेच, आत्ताच बघू. त्यांनी चारही काचा खाली केल्या आणि गाडी हळूहळू माझ्या गाडीच्या दिशेने मागे घेऊ लागल्या. आम्ही सगळे दोन्ही बाजूंनी वाकून उभे राहिलो.

मी वाट पाहत होतो. आणि तेवढ्यात माझं लक्ष समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे गेलं. उंच मुलाने कपाळाला आठी घातली. शेजारच्याने कानावर हात नेला. बिल्डरांनी बोट वर करून ताल धरावा तसं केलं, आधी सावकाश, मग भरभर, आणि शेवटी बोट हवेत तसंच धरून ठेवलं. सगळ्यांना एकाच वेळी काहीतरी ऐकू येत होतं. तलावावरून वारा येत होता, तो मला ऐकू येत होता. टायरखालची खडी करकरत होती, तीही ऐकू आली. बाकी काही नाही.

सर्व्हिस सेंटरच्या पोराचं जाऊ द्या. इतकी माणसं, एकमेकांना न ओळखणारी, माझी चेष्टा करायला सकाळी उठून गंडीपेटला आली नव्हती. मनात एकच आलं, म्हणजे गाडी ठीक आहे. म्हणजे मीच.

डॉक्टरबाई गाडीतून उतरल्या. हातात कॉफीचा नवा पेला देऊन मला झाडाखालच्या खुर्चीकडे घेऊन गेल्या. मी काय नोकरी केली ते त्यांनी विचारलं. मी कारखान्याचं सांगितलं. रिव्हेटच्या हातोड्या, पत्र्याचं काम, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंकल, कानाच्या डॉक्टरांकडे कधी गेला होतात?"

"कानाला काय झालंय? तुमचं बोलणं सगळं ऐकू येतंय की."

त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील तोफखान्यात होते. त्यांनाही बोलणं ऐकू यायचं, पण बारीक, उंच आवाज तेवढे यायचे नाहीत. घरातले कित्येक दिवस समजत होते की म्हातारपणाने विसरतात. अपडेटच्या आधीचा आवाज जाड होता, नवा शिट्टीसारखा बारीक आहे, एवढाच फरक असेल. तपासून घ्या.

मला दिलासा वाटायला हवा होता. वाटलाही असेल. पण त्या क्षणी मी त्या बाईंवर रागावलो. गाडीची तक्रार घेऊन आलो होतो आणि ही मलाच दुरुस्तीला पाठवत होती. परतीच्या वाटेवर रिंग रोड लागला, स्टिअरिंग पट्टीवरून हळूच मागे ढकलत होतं, आणि मला काय खरं मानावं ते कळत नव्हतं. आवाज नाही हे खोटं ठरलं. मग एसी सापडत नाही हे तरी खरं आहे ना? सीट पुढे सरकली होती ना?

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर ती उठली, कपाटातून त्या कापराच्या पुड्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. "मी कापूस म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला काय ऐकू आलं?"

"कापूर."

ती खाली बसली. तिचे डोळे भरून आले. तिला कशाची भीती वाटत होती ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघंही एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं.

कोठीच्या कानाच्या दवाखान्यात आम्ही दोघं मिळून गेलो. मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी इतका सावध बसलो होतो की लगेच दाबलं. पुन्हा दाबलं. काचेपलीकडच्या मुलीने यंत्र बाजूला करून सांगितलं की अजून तिने सुरूच केलेलं नाही. बायको बाहेरून बघत होती, तिला हसू आवरेना. मलाही आलं.

शेवटी जो आलेख निघाला तो डॉक्टरांनी दाखवला. रेघ बराच वेळ सरळ चालत येते आणि एका ठिकाणी कड्यावरून पडावी तशी खाली जाते. त्या कड्यापलीकडे स, श, फ, पक्ष्यांचे बारीक आवाज, लहान मुलांची कुजबुज आणि आमच्या गाडीची नवी शिट्टी. कारखान्यातल्या लोकांचं असंच होतं, ते म्हणाले. मला वडील आठवले. शेवटच्या काही वर्षांत ते दारासमोर खाटेवर बसून असायचे, विचारलं एक तर सांगायचे दुसरं, आणि सगळे हसले की थोड्या उशिराने हसायचे. स्वभाव हट्टी झालाय, असं आम्ही म्हणायचो. त्यांचे कान कुणी तपासले नाहीत.

कानातली यंत्रं आली त्या दिवशी मला घर नकोसं झालं. प्लास्टिकची पिशवी चुरगाळली तर पत्रा फाटल्यासारखं वाटे. माझ्याच चपलांचा आवाज मागून कोणी येतंय असा. मग मी खाली गेलो आणि गाडी सुरू केली.

ती किंचाळली. पट्ट्याबद्दल किंचाळली, दाराबद्दल किंचाळली. मागे घेतली तर खांबाच्या बऱ्याच आधीपासून टिंटिंटिं. रस्त्यावर आलो तर वेग वाढला म्हणून, पट्टी ओलांडली म्हणून, पुढचा स्कूटरवाला जवळ आला म्हणून. हैदराबादच्या रस्त्यावर पुढचा स्कूटरवाला जवळ नसतो असं कधी होतं? तारनाक्याच्या चौकापर्यंत जाऊन मी परत फिरलो. इतके दिवस मी जिला मुकी म्हणत होतो ती बिचारी घसा फोडून ओरडत होती, आणि आता ती ओरडते म्हणून मी वैतागलो होतो. ग्रुपमधले ते बालवाडीवाले खरं बोलत होते.

इकडे मुलीने डब्याचं जवळजवळ ठरवत आणलं होतं. त्या कंपनीचा माणूस गाडी घेऊन घरी आला. मी पुन्हा चालवून पाहिली, या वेळी यंत्रं कानात घालून. तो डुक् डुक् आवाज मला आता डोक्यात हातोडा मारल्यासारखा वाटला. काचेजवळून वाऱ्याचा सूं सूं आवाजही येत होता, तो गंडीपेटला ऐकल्याचं आठवेना. मग माझं त्या दिवशीचं मत कोणाचं होतं? माझं, की माझ्या अर्ध्या कानांचं? आणि आजचं तरी कोणाचं? मी मुलीला म्हणालो की मला काहीच सांगता येत नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्हीच तर ठरवलं होतंत.

तेव्हा बायको, जी इतका वेळ डब्याच्या उघड्या दारापाशी उभी होती, बोलली. "मला यात चढता येत नाही. गुडघा उचलत नाही. हे मला कुणी विचारलं का?"

डब्याची पायरी खरंच उंच होती. इतक्या मालकांची इतकी मतं मी वाचली, गंडीपेटपर्यंत जाऊन ऐकली, आणि रोज शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला विचारायचं राहिलं होतं. "जन्मभर डबेच दुरुस्त केलेत," ती पुढे म्हणाली, "आता घरातही डबा कशाला?" मुलगी हसली. तो माणूस गाडी घेऊन परत गेला.

आमची गाडी राहिली. कंपनीने पुढे आणखी एक अपडेट पाठवलं. आता आवाज जाड की बारीक हे निवडता येतं, आणि एसी पुन्हा खाली दिसू लागला आहे. ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडले. आवाज निवडायला लावणं म्हणजे जबाबदारी झटकणं, असं एकाचं मत. मी माझंही मत लिहावं म्हणून बसलो, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. गाडी चांगली आहे, एवढंच राहिलं. तेही खोडलं आणि फक्त लिहिलं की ज्यांनी वर्षानुवर्षं मशिनांजवळ काम केलंय त्यांनी कान तपासून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी बिल्डरांचा वेगळा निरोप आला. त्यांना कोठीच्या दवाखान्याचा पत्ता हवा होता. साइटवर सळया कापायचं काम त्यांच्या कानाशीच चालतं म्हणे.

अलीकडे एकदा सुलतान बाजारातून परतलो तर आमच्या गाडीभोवती एक जोडपं फिरत होतं. चाळिशीतली, नीटनेटकी. त्या गृहस्थांनी अदबीने विचारलं की आम्ही हीच घ्यायचा विचार करतोय, नाही तर नाकवाली. त्यांनी अर्थातच तिचं खरं नाव घेतलं. तुमचं मत काय? अपडेटनंतर बिघडली असं ऐकतोय.

मी तोंड उघडलं. काय सांगू? माझ्या मताला आता तारीख लावावी लागते, कानात यंत्र होतं की नव्हतं ते सांगावं लागतं. बायको म्हणाली, अहो, त्यांना बसू तर द्या. मी चावी त्यांच्या हातात दिली. ते पुढे बसले, त्यांची पत्नी शेजारी. मी बाहेर उभा राहून हात दाखवत गाडी थोडी मागे घ्यायला लावली. ती वाजली. मला नीट ऐकू आली.

"फारच मोठा आवाज आहे," ते गृहस्थ काच खाली करून म्हणाले.

"मोठा कुठे?" त्यांची पत्नी म्हणाली. "मला तर बरोबर वाटला."

ती दोघं एकमेकांकडे बघू लागली. समोरून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला वाट द्यायची होती, म्हणून मी त्यांना आणखी थोडी मागे घ्यायची खूण केली.